इंग्लिश लाँगबो आणि मध्ययुगीन तिरंदाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगीन युरोपातील तिरंदाजीविषयी वाचकांकडून येणारे बहुतेक प्रश्न फिरून फिरून इंग्लंडच्या लाँगबोपाशी येतात, म्हणून हे पान त्याच धनुष्याविषयी आहे. काळ मुख्यतः तेराव्या ते सोळाव्या शतकाचा. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लाँगबो म्हणजे नेमके काय? साध्या धनुष्याहून ते वेगळे कसे?

लाँगबो हे एकाच लाकडी दांड्यातून घडवलेले, माणसाच्या उंचीइतके किंवा त्याहून थोडे लांब धनुष्य होय. त्याला शिंगाचे अथवा स्नायुतंतूंचे थर दिलेले नसतात. फार तर दोरी अडकवण्यासाठी दोन्ही टोकांना शिंगाच्या टोप्या बसवलेल्या असतात. रचनेच्या दृष्टीने हे धनुष्य अगदी साधे आहे आणि ते इंग्रजांचा शोधही नाही. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या हिममानवाजवळ यू या वृक्षाच्या लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे अर्धवट घडवलेले धनुष्य होते. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्याच्या दलदलीतही नवाश्मयुगीन लांब धनुष्ये मिळाली आहेत. मध्ययुगीन इंग्लंडचे वेगळेपण धनुष्यात नव्हते. असे जड धनुष्य ओढू शकणारी हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार ठेवणे, त्यांना पगार देणे आणि त्यांच्या भात्यात बाण कमी पडू न देणे, ही व्यवस्था त्या राज्याने उभी केली होती. खालची बरीच उत्तरे या व्यवस्थेविषयी आहेत.

२. त्यासाठी यूचेच लाकूड का लागे? चर्चच्या आवारातील यू वृक्ष धनुष्यांसाठीच लावले होते, हे खरे का?

यू हा सावकाश वाढणारा सूचिपर्णी वृक्ष आहे. त्याच्या आतील मध्यकाष्ठाला दाब चांगला सोसतो, तर सालीलगतच्या फिकट रसकाष्ठाला ताण सोसतो. दोन्ही थर एकाच दांड्यात येतील असा तुकडा काढला आणि मध्यकाष्ठ तिरंदाजाच्या बाजूला, रसकाष्ठ बाहेरच्या बाजूला ठेवले, की निसर्गतःच दोन थरांचे धनुष्य तयार होते. यू मिळाला नाही तर एल्म आणि ॲश या वृक्षांची लाकडेही वापरली जात.

चर्चच्या आवारातील वृक्षांची कथा मात्र फारशी टिकत नाही. इंग्लंडमधील यू बहुधा वेडावाकडा आणि गाठाळ वाढतो, आणि धनुष्याला सरळ, बिनगाठीचा, बारीक वलयांचा दांडा हवा असतो. असे दांडे आल्प्स, स्पेन आणि बाल्टिक किनाऱ्यावरील बंदरांतून आयात होत असत. पुरवठा इतका अपुरा पडू लागला की १४७२ च्या कायद्याने व्हेनिस आदी ठिकाणांहून येणाऱ्या मालाबरोबर प्रत्येक टनामागे धनुष्याचे चार दांडे आणण्याचे बंधन व्यापाऱ्यांवर घातले गेले. पुढे १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत माम्झी नावाच्या गोड मद्याच्या प्रत्येक मोठ्या पिंपामागे दहा दांड्यांची अट आली. चर्चच्या आवारातून पुरेसे लाकूड निघत असते, तर दारूच्या पिंपांवर अशी अट लादावी लागली नसती.

३. लाँगबो मुळात इंग्रजांचा की वेल्श लोकांचा?

वेल्सचा जेराल्ड या धर्मगुरूने बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण वेल्समधील ग्वेंट भागातील तिरंदाजांची फार वाखाणणी केली आहे. त्यांची धनुष्ये यूची नसून एल्मची, दिसायला ओबडधोबड पण अतिशय ताठ असत, असे तो लिहितो. अबरगाव्हेनीच्या किल्ल्यावरील हल्ल्यात त्यांचे बाण ओकच्या जाड दारातून आरपार गेल्याचेही तो सांगतो. पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर तेथील तिरंदाज मोठ्या संख्येने आपल्या सैन्यात घेतले आणि १२९८ मध्ये फॉल्कर्क येथे स्कॉटिश भालाइतांचे घट्ट व्यूह फोडण्यासाठी त्यांचा उपयोग केला. तेव्हा वेल्सचे ऋण मोठे आहे. पण इंग्लंडमध्ये त्याआधी धनुष्य नव्हते असे मुळीच नाही. १२५२ च्या शस्त्रविषयक आदेशात १५ ते ६० वर्षे वयाच्या पुरुषांनी ऐपतीप्रमाणे शस्त्रे बाळगावीत असे म्हटले असून, त्यातील एका वर्गासाठी धनुष्यबाण सांगितले आहेत. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने तेच पुन्हा बजावले.

४. ही धनुष्ये ओढायला खरोखर इतकी जड होती का? आकडे फुगवलेले वाटतात.

ही शंका पूर्वी अनेक अभ्यासकांनाही होती. ती मुख्यतः ‘मेरी रोझ’ या जहाजामुळे मिटली. आठव्या हेन्रीचे हे युद्धनौकांतील मानाचे जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडाले आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्याच्या गाळातून १३७ अखंड लाँगबो आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. धनुष्यांची लांबी १.८७ ते २.११ मीटर होती. त्यांच्या मापांवरून आणि तशाच प्रतिकृतींवरून काढलेला ओढीचा भार साधारण १०० ते १८५ पौंड, म्हणजे ४५ ते ८४ किलो येतो. आज ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्या पुरुष खेळाडूंच्या धनुष्याचा भार ५० पौंडांच्या आसपास असतो. मेरी रोझ ही सोळाव्या शतकातील असल्याने तिचे आकडे १३४६ च्या क्रेसीच्या लढाईच्या काळाला (प्रश्न १०) जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही त्याआधीच्या दोन शतकांतील बाणांचे जड अग्र पाहता धनुष्ये फार हलकी नसावीत.

इतका भार केवळ दंडाच्या बळावर पेलत नाही. ह्यू लॅटिमर या बिशपने १५४९ मध्ये राजापुढे केलेल्या प्रवचनात सांगितले आहे, की वडिलांनी त्याला हाताच्या नव्हे तर सबंध शरीराच्या जोरावर धनुष्य ओढायला शिकवले. वय आणि ताकद वाढेल तशी मोठी धनुष्येही ते त्याला आणून देत. या सरावाच्या खुणा हाडांवरही उमटत. मेरी रोझवरील अनेक सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचे टोक जुळलेलेच नाही. किशोरवयापासून पडलेल्या ताणाशी त्याचा संबंध जोडला जातो. दोष एवढाच, की कोणता सांगाडा तिरंदाजाचा आणि कोणता नावाड्याचा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

५. बाण किती लांब जाई आणि मिनिटाला किती बाण सुटत?

मेरी रोझच्या नमुन्यावर केलेल्या १५० पौंडी प्रतिकृतीने सुमारे ५४ ग्रॅमचा हलका बाण ३२८ मीटर, तर ९६ ग्रॅमचा जड बाण २५० मीटर गेल्याची नोंद आहे. युद्धातील बाण जड असत, त्यामुळे दुसरा आकडा अधिक उपयोगाचा. आठव्या हेन्रीच्या काळी तर २४ वर्षांवरील पुरुषाने २२० यार्डांच्या, म्हणजे सुमारे २०० मीटरांच्या आतील लक्ष्यावर हलक्या बाणांनी सराव करू नये, असा कायदाच होता.

वेगाविषयी लिहिताना लेखक भान विसरतात. चांगला तिरंदाज मिनिटाला दहा-बारा बाण सोडू शकतो हे खरे, पण दीडशे पौंडांच्या धनुष्याने तो वेग फार वेळ टिकत नाही. शिवाय हिशेब करून पाहावा. तिरंदाजाजवळ प्रारंभी २४ बाणांची एक जुडी असे. मिनिटाला सहा या बेताच्या गतीनेही ती चार मिनिटांत संपते. पाच हजार तिरंदाज असतील तर एका मिनिटात तीस हजार बाण खर्च होतात. तेव्हा लढाईचा खरा प्रश्न वेगाचा नव्हता, मागून बाण पोहोचवण्याचा होता (प्रश्न ७ पाहा).

६. चित्रपटांत सगळे तिरंदाज दोरी ताणून सेनापतीच्या हुकमाची वाट पाहत उभे असतात. तसे होत असे का?

नाही. शंभर-दीडशे पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढून एक-दोन क्षणांपलीकडे धरता येत नाही. ओढणे आणि सोडणे ही जवळजवळ एकच हालचाल असते. पहिला मारा एकाच वेळी करण्याचा इशारा देता येई, पण तो धनुष्य ओढण्याआधी. पुढे प्रत्येक जण आपापल्या गतीने बाण सोडी.

७. इतके बाण आणि धनुष्ये बनवत कोण?

यात अनेक व्यवसाय गुंतलेले होते. दांडा तासून धनुष्य घडवणारे, बाणाची काडी करून तिला पिसे लावणारे, लोखंडी अग्रे घडवणारे लोहार आणि भांगेच्या किंवा जवसाच्या तंतूंच्या दोऱ्या वळणारे, असे हे कारागीर वेगवेगळे असत. लंडनमध्ये धनुष्य करणारे आणि बाण करणारे यांचे संघ १३७१ मध्ये वेगळे झाले. एकाच माणसाने दोन्ही धंदे करू नयेत, असा त्यामागचा आग्रह होता.

राज्यसत्ता या धंद्यांत किती बारकाईने लक्ष घालत असे ते पाहण्यासारखे आहे. १४०६ च्या कायद्यानुसार बाणाचे अग्र टोकाशी पोलादाने कठीण केलेले असावे आणि त्यावर करणाऱ्याची खूण असावी, म्हणजे खराब माल कोणाचा ते कळेल. १४१६ मध्ये लाकडी खडावांसारखी पादत्राणे बनवणाऱ्यांना ॲस्पेन वृक्षाचे लाकूड वापरण्यास बंदी झाली, कारण ते बाणांच्या काड्यांसाठी हवे होते. १४१७ मध्ये पाचव्या हेन्रीने परगण्यांच्या शेरिफांना (राजाच्या स्थानिक अधिकाऱ्यांना) पाळीव हंसांची प्रत्येकी सहा पिसे गोळा करून पाठवण्याचा हुकूम दिला. फ्रान्सवरील स्वारीची तयारी कोंबड्या-बदकांच्या खुराड्यापर्यंत पोहोचली होती, ती अशी.

८. तिरंदाज म्हणजे युद्धापुरते बोलावलेले शेतकरी होते का?

आरंभी बऱ्याच अंशी तसे होते, पण इंग्लंड-फ्रान्समधील शतवर्षीय युद्धाच्या काळात (१३३७ ते १४५३) चित्र बदलले. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून राजा आपल्या सरदारांशी लेखी करार करी. कोण किती शस्त्रसज्ज सरदार-शिलेदार आणि किती तिरंदाज आणणार, किती काळासाठी आणि काय पगारावर, हे त्यात लिहिलेले असे. १४१५ च्या करारांत तिरंदाजाला दिवसाला ६ पेन्स आणि चिलखतधारी लढवय्याला १२ पेन्स मिळत. कुशल सुताराची रोजची मजुरी त्या वेळी ४ पेन्सच्या आसपास होती, हे लक्षात घेतले तर तिरंदाजाची नोकरी ही वेठ नव्हती हे उघड होते. लुटीतील आणि कैद्यांच्या खंडणीतील वाटा वेगळाच.

यांतील पुष्कळजण घोड्यावरून प्रवास करीत आणि लढण्यासाठी पायउतार होत. त्यामुळे फौज झपाट्याने हलू शके. सामाजिक दर्जाने ते स्वतःची जमीन कसणारे सुखवस्तू शेतकरी, त्यांचे धाकटे मुलगे, कारागीर आणि सरदारांच्या घरचे नोकर असे मिश्र होते. काहींना फार वरचे स्थानही लाभले. दुसऱ्या रिचर्डने आपले अंगरक्षक चेशर परगण्यातील तिरंदाजांतून निवडले होते, आणि १३९७ च्या पार्लमेंटच्या वेळी सभासदांभोवती त्यांना उभे करून त्याने जो धाक घातला, त्यामुळे ते लोकांत अतिशय अप्रिय झाले.

९. तिरंदाजीचा सराव कायद्याने सक्तीचा होता आणि फुटबॉलवर बंदी होती, हे खरे का?

खरे आहे. तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये शेरिफांना पाठवलेल्या आदेशात म्हटले आहे, की सणासुदीच्या दिवशी प्रत्येक धडधाकट पुरुषाने धनुष्यबाणांचा सराव करावा. फुटबॉल, हँडबॉल, कोंबड्यांच्या झुंजी यांसारख्या ‘निरुपयोगी’ करमणुकीत वेळ घालवणाऱ्याला तुरुंगवास सांगितला आहे. गावोगावी मातीचे उंचवटे करून त्यांवर लक्ष्य लावले जाई.

तथापि, बंदीचा कायदा पुनःपुन्हा काढावा लागतो तेव्हा तो पाळला जात नसतो. हाच आदेश पुढच्या राजांनी निरनिराळ्या रूपांत बजावला, यावरून लोक फुटबॉल खेळतच राहिले असे दिसते. शेजारच्या स्कॉटलंडमध्येही १४२४ मध्ये फुटबॉलवर आणि १४५७ मध्ये फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी आली. गोल्फ या खेळाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख याच बंदीत सापडतो, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

१०. क्रेसीची लढाई केवळ लाँगबोमुळे जिंकली गेली का?

२६ ऑगस्ट १३४६ रोजी क्रेसी येथे तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या सहाव्या फिलिपचा पराभव केला. फ्रेंचांकडून आधी जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोधारी (दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य वापरणारे) पुढे आले. दिवसभर चालून ते थकलेले होते, त्यांच्या मोठ्या ढाली मागच्या सामानाच्या गाड्यांतच राहिल्या होत्या, आणि नुकताच पाऊस पडून गेला होता. इंग्रज तिरंदाजांच्या माऱ्यापुढे ते मागे फिरले, तेव्हा मागून येणाऱ्या फ्रेंच सरदारांनी त्यांनाच घोड्यांखाली तुडवले. त्यानंतर घोडदळाच्या एकामागून एक धडका चढणीवर येऊन फुटल्या.

धनुष्याचे श्रेय मोठे आहे, परंतु ते एकट्याचे नाही. एडवर्डने उताराची जागा निवडली आणि आपल्या सरदारांना घोड्यांवरून उतरवून पायी उभे केले. ते मधली फळी अढळ धरून राहिल्यामुळेच तिरंदाजांना निर्धास्तपणे मारा करता आला. हा डाव त्याने फ्रान्समध्ये शोधला नव्हता. १३३३ मध्ये हॅलिडन हिल येथे स्कॉटिश सैन्याविरुद्ध तो आधीच यशस्वी झाला होता.

११. बाण चिलखत भेदून जात असे का?

याचे उत्तर शतकानुसार, अंतरानुसार आणि चिलखताच्या भागानुसार बदलते. कड्यांच्या जाळीचे चिलखत जड बाणापुढे नेहमीच सुरक्षित नसे. मात्र त्याखाली जाड गादीसारखा अंगरखा घातला तर पुष्कळ रक्षण होई. तिसऱ्या धर्मयुद्धात ११९१ मध्ये सलादिनचा चरित्रकार बहाउद्दीन याने पाठीत एकापासून दहापर्यंत बाण रुतलेले असतानाही शांतपणे चालत जाणारे फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपीय, पायदळ पाहिले होते. अर्थात ते बाण हलक्या तुर्की धनुष्यांचे आणि लांबून मारलेले होते.

पंधराव्या शतकातील चांगल्या पोलादी छातीपत्र्याविषयी बोलायचे तर, २०१९ मध्ये १६० पौंडांच्या लाँगबोने अवघ्या २५ मीटरांवरून तशा पत्र्याच्या प्रतिकृतीवर बाण मारून पाहण्यात आले. पत्रा फुटला नाही. मग तिरंदाज उपयोगी कसे? एक तर सर्वांनाच असे उत्तम चिलखत परवडत नव्हते. दुसरे म्हणजे हातापायांवरील पत्रे पातळ असत, आणि काखेत, सांध्यांत, शिरस्त्राणाच्या फटीत केवळ जाळी किंवा तीही नसे. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे घोडे. ते अर्धवट झाकलेले असत आणि जखमी घोडा स्वाराला घेऊन स्वतःच्याच फळीत घुसे.

१२. ॲजिनकोर्टला इतक्या थोड्या इंग्रजांनी इतक्या मोठ्या फ्रेंच सैन्याला कसे हरवले?

२५ ऑक्टोबर १४१५ रोजी पाचव्या हेन्रीजवळ, निरनिराळ्या अंदाजांनुसार, सहा ते नऊ हजार माणसे होती आणि त्यांतील बहुसंख्य तिरंदाज होते. फ्रेंच सैन्य मोठे होते, पण जुन्या इतिवृत्तांतील प्रचंड आकडे आज कोणी धरत नाही. रणभूमी म्हणजे दोन रानांमधील नांगरलेले शेत. रात्रभर पाऊस पडल्याने तिथे चिखल झालेला. तिरंदाजांनी आपल्यापुढे टोकदार खुंट तिरके रोवले होते. बाणांनी बिथरलेले घोडदळ मागे वळून आपल्याच पायदळात शिरले. पत्र्याचे चिलखत घालून चिखल तुडवत, बाणांच्या माऱ्यात मान खाली घालून येणारे फ्रेंच सरदार मध्यभागी इतके दाटले, की हत्यार उचलायलाही जागा उरली नाही.

येथवर सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. बाण संपल्यावर तिरंदाजांनी धनुष्ये टाकून कुऱ्हाडी, मोगरी आणि तलवारी घेतल्या आणि हलक्या पोशाखामुळे चिखलात सहज फिरत त्यांनी पडलेल्यांना मारले किंवा कैद केले. लढाईच्या अखेरीस पाठीमागून हल्ल्याची भीती वाटून हेन्रीने कैद्यांची कत्तल करण्याचा हुकूम दिला.

१३. दोन बोटांची खूण इंग्रज तिरंदाजांपासून सुरू झाली का?

फ्रेंच लोक पकडलेल्या तिरंदाजांची दोन बोटे तोडत, म्हणून इंग्रज त्यांना ती बोटे दाखवून चिडवत, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. तिला समकालीन आधार नाही. ॲजिनकोर्टला तरुणपणी फ्रेंच बाजूने हजर असलेल्या जाँ द वाव्रँ या इतिवृत्तकाराने एवढेच लिहिले आहे, की शत्रू तुमच्या उजव्या हाताची तीन बोटे तोडणार असल्याची बढाई मारतो आहे, असे हेन्रीने सैनिकांना सांगितले. म्हणजे उल्लेख दोन नव्हे, तीन बोटांचा आहे. तोही राजाच्या भाषणातला. खूण करून दाखवल्याचा तर कोठेच नाही. शिवाय ज्या सामान्य सैनिकाकडून खंडणी मिळणार नाही, त्याला बोटे तोडून सोडून देण्यापेक्षा ठार मारणेच त्या काळी अधिक संभवनीय होते.

१४. क्रॉसबो अधिक प्रभावी होता ना? पोपने त्यावर बंदीही घातली होती असे वाचले आहे.

क्रॉसबोचा मोठा फायदा म्हणजे तो शिकायला सोपा. दोरी एकदा ताणून अडकवली, की नेम धरून थांबता येते. किल्ल्याच्या तटावरून किंवा जहाजावरून ते फार उपयोगी पडते. तोटा म्हणजे ताणायला लागणारा वेळ. लाँगबोचे अनेक बाण सुटेपर्यंत क्रॉसबोचे मोजके सुटत. सिंहहृदयी रिचर्डचा मृत्यू एप्रिल ११९९ मध्ये शालूच्या किल्ल्यावरून आलेल्या क्रॉसबोच्या बाणाची जखम चिघळूनच झाला.

बंदीविषयी : ११३९ मध्ये पोपच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध हे प्राणघातक कसब वापरण्यास मनाई केली. त्या ठरावात क्रॉसबोधारी आणि धनुर्धारी अशा दोघांचाही उल्लेख आहे, हे बहुतेक जण वगळतात. ठराव कोणी पाळला नाही, हे सांगायला नकोच.

१५. लाँगबो इतका यशस्वी होता, तर फ्रेंचांनी तो का उचलला नाही?

प्रयत्न झाले. फ्रेंच इतिवृत्तकार जुव्हेनाल देझ उर्सँ सांगतो, की सहाव्या चार्ल्सच्या काळात इतर खेळ बंद करून तिरंदाजीला उत्तेजन दिले गेले आणि लोक थोड्याच अवधीत तरबेज झाले. पण हे लोक एकत्र आले तर आपल्यापेक्षा बलवान होतील, या भीतीने सरदारांनी ते थांबवायला लावले. गोष्ट थोडी रंगवलेली असेल. भीती मात्र निराधार नव्हती. इंग्लंडमध्ये १३८१ च्या शेतकरी उठावात बंडखोरांच्या हातात हीच धनुष्ये होती. पुढे १४४८ मध्ये सातव्या चार्ल्सने करमाफीच्या बदल्यात गावोगावी तिरंदाज नेमले. परंतु सरावाची परंपरा हुकमाने निर्माण होत नाही, आणि १४७९ च्या गिनगाट येथील पराभवानंतर अकराव्या लुईने ते दल मोडून टाकले.

१६. लाँगबोधारी सैन्याचे पराभव झाले की नाही? ते कधीच सांगितले जात नाहीत.

झाले, आणि त्यांचे कारण जवळजवळ दर वेळी एकच असते : तिरंदाज आडोशाविना किंवा तयारीविना सापडले. १३१४ मध्ये बॅनकबर्नला स्कॉटिश हलक्या घोडदळाने बाजूने येऊन इंग्रज तिरंदाजांना उधळले. १८ जून १४२९ रोजी पाते येथे खुंट रोवून होण्याआधीच फ्रेंच घोडदळ त्यांच्यावर कोसळले. इंग्रजांनी रानातून निघालेल्या हरणाला पाहून आरोळी ठोकली आणि त्यामुळे त्यांची जागा कळली, असे इतिवृत्तात आहे. १४५० मध्ये फॉर्मिन्यी येथे फ्रेंचांनी दोन लहान तोफांनी त्यांना जागेवरून बाहेर खेचले, आणि १७ जुलै १४५३ रोजी कास्तियाँ येथे तोफांच्या छावणीवर चालून गेलेले इंग्रज सैन्य गारद झाले. लाँगबो हे बचावाचे शस्त्र होते. शत्रू अंगावर येईल तेव्हाच त्याचा पूर्ण लाभ मिळे.

१७. दोन्ही बाजूंना लाँगबो असेल तर काय होई?

मग धनुष्याचा वरचष्मा उरत नसे आणि वारा, उजेड, जमीन यांवर निकाल लागे. २९ मार्च १४६१ रोजी टाउटन येथे, गुलाबांच्या युद्धात, म्हणजे यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांतील गादीच्या यादवीत, इंग्रज इंग्रजांशी हिमवर्षावात लढले. यॉर्क पक्षाच्या लॉर्ड फॉकनबर्गने वारा पाठीशी असल्याचे पाहून आपल्या तिरंदाजांना बाण सोडून लगेच मागे सरकायला सांगितले. समोरच्या लँकेस्टर पक्षाने डोळ्यांत जाणाऱ्या हिमातून प्रत्युत्तर दिले, पण त्यांचे बाण वाऱ्यामुळे अलीकडेच पडले. यॉर्कच्या तिरंदाजांनी ते जमिनीतून उपटून त्यांनाच परत मारले. अखेर लँकेस्टर पक्षाला आपली जागा सोडून हातघाईवर यावे लागले.

१८. शरीरात रुतलेला बाण काढता येत असे का?

कधी कधी येई. याची सर्वांत सविस्तर हकिकत भावी पाचव्या हेन्रीचीच आहे. जुलै १४०३ मध्ये श्रूजबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या या राजपुत्राच्या चेहऱ्यात बाण शिरला. काडी निघून आली पण अग्र सुमारे सहा इंच खोल राहिले. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने मधात बुडवलेल्या, कापड गुंडाळलेल्या काड्यांनी जखमेचे तोंड हळूहळू रुंद केले. मग खास बनवलेला, आत गेल्यावर स्क्रूने फाकणारा चिमटा अग्राच्या पोकळीत बसवून त्याने ते बाहेर काढले. नंतर जखम मद्याने धुतली आणि मधाच्या लेपाने भरून आणली. ब्रॅडमोरने हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे. सामान्य सैनिकाला अर्थातच असा वैद्य मिळत नसे.

१९. सरदार आणि राजे स्वतः धनुष्य वापरत का?

शिकारीत सर्रास वापरत. ऑगस्ट ११०० मध्ये दुसरा विल्यम हा राजा न्यू फॉरेस्टमध्ये शिकारीच्या वेळी बाण लागूनच मेला. युद्धात मात्र सरदाराचे शस्त्र भाला आणि तलवार. दुरून मारणारे धनुष्य हाताखालच्या माणसाचे, अशी प्रतिष्ठेची विभागणी युरोपात खोल रुजलेली होती. रामायण-महाभारताच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या वाचकांना हे विचित्र वाटते, कारण आपल्याकडे धनुर्विद्या ही क्षत्रियाची पहिली विद्या. रॉबिन हूड हा लोकनायक धनुर्धारी असणे या इंग्लिश विभागणीशी सुसंगतच आहे; मूळच्या गाथांत तो सरदार नसून साधा भूधारक शेतकरी आहे.

२०. तराईच्या लढाईत घुरीच्या सैन्याने वापरलेली धनुष्ये याच प्रकारची होती का?

नाही. ११९२ च्या तराईच्या दुसऱ्या लढाईत मुहम्मद घुरीच्या दहा हजार हलक्या स्वारांनी चार तुकड्यांत विभागून चहूबाजूंनी बाणांचा मारा केला, असे तेराव्या शतकातील इतिहासकार मिन्हाज सांगतो. ही तुर्की पद्धतीची संयुक्त धनुष्ये : लाकडाच्या गाभ्याला आतून शिंग, बाहेरून स्नायुतंतू आणि प्राणिज सरस. ती आखूड असल्याने घोड्यावरून कोणत्याही बाजूला वळवता येत आणि दोरी अंगठ्यात कडे घालून ओढली जाई. मात्र ती घडवायला फार वेळ लागे आणि दमट हवेत सरस सैल होण्याचा धोका असे. लाँगबो स्वस्त, ओलाव्याला तुलनेने निर्ढावलेला, पण घोड्यावर निरुपयोगी.

लाँगबोशी अधिक साम्य आपल्याकडच्या प्राचीन पायदळाच्या धनुष्याचे दिसते. अलेक्झांडरच्या स्वारीतील वृत्तांतांच्या आधारे एरियन या ग्रीक इतिहासकाराने लिहिले आहे, की भारतीय पदातींचे धनुष्य माणसाएवढे उंच असून ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढीत. महाराष्ट्रातील वीरगळांवरही धनुर्धारी कोरलेले आढळतात, पण शिल्पातील प्रमाणे पाहून धनुष्याची खरी लांबी ठरवणे धोक्याचे आहे.

२१. आरंभीच्या बंदुका सावकाश आणि बेभरवशाच्या होत्या. तरी धनुष्य मागे का पडले?

हा वाद एलिझाबेथ राणीच्या काळी इंग्लंडमध्येच जोरात झाला आणि धनुष्याच्या बाजूने बोलणारे अनुभवी सैनिक होते. मिनिटाला अधिक मारा, पावसात अधिक भरवसा, धूर नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरेचसे खरे होते. उलट बाजूला, बंदुकीची गोळी चिलखताला भारी पडे, आणि उपाशी, आजारी सैनिकाच्या हातूनही ती तितक्याच जोराने सुटे. मोहिमेवर महिनाभर हगवणीने कण्हत असलेला तिरंदाज दीडशे पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढू शकत नसे. १५१३ मध्ये फ्लॉडन येथे आघाडीच्या स्कॉटिश सरदारांची चिलखते बाणांना फारशी दाद देईनात, हेही दिसून आले होते.

याहून मोठे कारण माणसांचे होते. बंदूकधारी काही आठवड्यांत तयार होई. लाँगबोधारी लहानपणापासून घडवावा लागे (प्रश्न ४ आणि ९). सोळाव्या शतकात रविवारचा सराव ढिला पडला, चांगला यू महाग झाला आणि जड धनुष्य ओढणारे कमी उरले. अखेर १५९५ मध्ये राणीच्या प्रिव्ही कौन्सिलने (सल्लागार मंडळाने) प्रशिक्षित स्थानिक दलांतील धनुष्यांच्या जागी बंदुका देण्याचा आदेश काढला.